घराला वास येतो

मी वासावर संशोधन करतो. हे सांगितलं की समोरचा माणूस आधी एक पाऊल मागे सरकतो आणि मग, माझं लक्ष नाही असं समजून, हळूच स्वतःच्या खांद्याचा वास घेतो. डॉक्टरला लोक गुडघे दाखवतात, वकिलाला भावाभावांची भांडणं सांगतात. मला कुणी काही दाखवत नाही. उलट जे आहे ते लपवतात.

घरात माझं नाव नकट्या. नाक जन्मापासून बसकं आहे, त्याला कुणाचाच इलाज नाही. नाक आणि मेंदू ह्यांचा अभ्यास करायचं मी ठरवलं तेव्हा बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या नाकाकडे पाहिलं आणि म्हणाले, "भांडवल जरा कमी पडेल रे." बाकी विरोध वगैरे काही केला नाही.

ह्या सगळ्याची सुरुवात मी आईला बोललेल्या एका वाक्यापासून झाली. शिकायला म्हणून पहिल्यांदाच बाहेर राहिलो होतो, वसतिगृहात. पहिल्या सुट्टीत घरी आलो. आईने दार उघडलं आणि मी पायपुसण्यावरच थांबलो. आतून वास येत होता. चांगला नाही, वाईट नाही, ओळखीचा आणि तरी कधीच न घेतलेला. जन्मापासून त्या घरात राहिलो होतो, आणि त्या घराला स्वतःचा असा एक वास आहे हे मला त्या क्षणापर्यंत माहीतच नव्हतं. मला इतका आनंद झाला की खांद्यावरची पिशवी खाली न ठेवताच मी म्हणालो, "आई, आपल्या घराला वास येतो!"

आता आपल्या भाषेची अडचण अशी, की वास कोण घेतंय आणि कोण सोडतंय ह्यात ती फारसं लक्ष घालत नाही. मला वास येतो म्हणजे मी घेणारा. दुधाला वास येतो म्हणजे दूध ओतून द्या. व्याकरणाच्या दृष्टीने मी आणि नासलेलं दूध एकाच बाकावर बसतो. आईने माझं वाक्य दुधाच्या चालीवर ऐकलं.

तिने मला जेवायला वाढलं आणि मी जेवत असताना बादलीत फिनेल ओतून सगळं घर पुसून काढलं. माझ्या खुर्चीखालची फरशीसुद्धा. उरलेलं जेवण मी पाय वर घेऊन जेवलो. हात धुऊन होईपर्यंत घराचा वास गेलेला होता. दुसऱ्या दिवशी फिनेल उडून गेलं तरी तो परत आला नाही. मी जिना उतरून पुन्हा चढून पाहिला, दार बाहेरून उघडून पाहिलं, पायपुसण्यावर त्याच जागी उभा राहिलो. काही नाही. शेजारच्या काकूंनी आईला विचारलंसुद्धा, "मुलगा परत निघाला की आत्ता आला?"

तो वास कुठे गेला हे शोधण्यात माझी पुढची सगळी वर्षं गेली. उत्तर थोडक्यात असं, की तो कुठेच गेला नव्हता. वास जागच्या जागी असतो, नाकही इमानेइतबारे खबर देत असतं. पण मेंदू म्हणतो, कळलं बाबा, रोज काय तेच तेच, आणि फोन बाजूला ठेवून देतो. जे बदलत नाही त्याची त्याला बातमी वाटत नाही. म्हणून जगातल्या सगळ्या घरांचा वास आपल्याला येतो, आपल्या स्वतःच्या घराचा सोडून.

आईने मात्र ते वाक्य कधी सोडलं नाही. घरी कुणी आलं की म्हणायची, "बसा ना. आमच्या घराला वास येतो म्हणतात, पण तुमची हरकत नसेल तर बसा." पीएचडी मिळाल्याचं मी फोनवर सांगितलं तेव्हा म्हणाली, "छान झालं. म्हणजे आता शिक्का बसला, की येतो."

मी ज्यांच्या हाताखाली काम करतो त्या मॅडमनी अख्खी नोकरी नाकात काढली आहे. सुरुवातीची बरीच वर्षं उंदरांच्या. उंदराच्या मेंदूत अगदी पुढच्या टोकाला, नाकाच्या वरच्या अंगाला, वासाची पहिली चौकी असते. त्या चौकीवरचा कोणता पेशीसमूह कुठल्या वासाला जागा होतो आणि किती वेळाने पुन्हा झोपतो, हे त्यांच्याइतकं फार थोड्या लोकांना माहीत असेल. निवृत्ती जवळ आल्यावर त्या उंदीर सोडून माणसांकडे वळल्या. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "उंदीर खोटं बोलत नाहीत, हे खरं. पण ते खरंही बोलत नाहीत ना."

मॅडम अत्तर लावत नाहीत, वासाचा साबण वापरत नाहीत, केसांना तेल लावत नाहीत. त्यामुळे त्या येत असल्याची सूचना कुणाला मिळत नाही. तुम्ही मागे वळता आणि त्या तिथे असतात. प्रयोगशाळेतल्या अर्ध्या लोकांना त्यामुळे दचकायची सवय लागली आहे, आणि सवयीवरच आमचं संशोधन चालतं.

आमचा चालू प्रयोग घर बदललेल्या माणसांवर होता. नव्या घराचा वास माणसाला येईनासा कधी होतो, एवढंच पाहायचं होतं. आम्ही प्रत्येकाला धुतलेली सुती फडकी द्यायचो. ती घरात टांगून ठेवायची आणि मग काचेच्या बरणीत बंद करून आणायची. दर आठवड्याला माणूस आमच्या खोलीत येऊन तीन बरण्या हुंगायचा. एकीत त्याच्या जुन्या घराचं फडकं, एकीत नव्या घराचं, आणि एकीत कुठल्याच घराचं नसलेलं, कोरं. बरण्यांवर नुसते आकडे. कुठल्या आकड्यात काय आहे हे फक्त मॅडमना माहीत. मला मुद्दाम सांगत नसत, कारण माझ्या भुवया फार बोलतात असं त्यांचं मत आहे.

सुरुवातीला आम्ही प्रत्येक बरणीमागे विचारायचो, "तुम्हाला वास येतो का?" तिसऱ्याच दिवशी एक निवृत्त न्यायाधीश खुर्चीतून उठून उभे राहिले आणि म्हणाले, "मी दोन वेळा आंघोळ करतो." मग आम्ही प्रश्न बदलला. आता विचारतो, "ह्या बरणीत काही आहे का?"

ह्या सगळ्यात आई माझ्याकडे राहायला आली. बाबा जाऊन दोन वर्षं झाली होती, त्या भाड्याच्या घरात ती एकटी होती. गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टर म्हणाले जिना नको. माझ्या इमारतीला लिफ्ट आहे. तेव्हा ती चार दिवसांसाठी आली. एक बॅग घेऊन.

लिफ्टमधून बाहेर आली, काठी टेकत माझ्या दारात उभी राहिली, नाक वर केलं, आणि जे वाक्य बोलायची ती कित्येक वर्षं वाट पाहत होती ते बोलली.

"नकट्या, तुझ्या घराला वास येतो."

"कसला?" मी विचारलं.

तिने थोडा विचार केला. टोमणा मारून झाला होता, आता तिला खरंच सांगायचं होतं. "परक्या घराचा," ती म्हणाली.

चार दिवसांचे चार आठवडे झाले तरी बॅग पलंगाखाली भरलेलीच. लागेल तो कपडा ती वरून काढायची, धुऊन घडी घालून परत आत ठेवायची आणि चेन लावायची. चेनचा आवाज मला दुसऱ्या खोलीत ऐकू यायचा. मग आईच्या घरमालकांचा फोन आला. सज्जन माणूस, बोलताना दर दोन वाक्यांनी माफी मागतो. त्यांची मुलगी परत येणार होती, तिला घर हवं होतं. तुमच्या आई परत इथे राहणार असतील तर काही प्रश्नच नाही, राहणार नसतील तर तसं सांगा, पुढच्या महिनाअखेरपर्यंत कळलं तर बरं, माफ करा हं.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "बघू."

मला ती माझ्याकडे राहायला हवी होती. तिथे जिना, इथे लिफ्ट, वगैरे कारणं होतीच. पण जिना नसता तरी हवी होती. हे वाक्य मी तिला बोलूही शकलो असतो. पण आमच्या घरी असली वाक्यं बोलायची पद्धत नाही. आमच्याकडे माया लागली की माणूस विचारतो, "जेवलास का?", आणि फारच लागली तर, "एवढंसंच जेवलास?" तेव्हा मी बोललो नाही. मी शास्त्रज्ञ आहे. घर परकं वाटत असेल तर घर सुधारावं, असं मी ठरवलं.

पहिल्या आठवड्यात मी पाइनच्या वासाचा एक स्प्रे आणला आणि सगळीकडे मारला. दुसऱ्या आठवड्यात नवे पडदे आणि आईच्या खोलीसाठी एक लाकडी कपाट. कपाट तिला दाखवलं तर म्हणाली, "छान आहे. कुणासाठी?" तिसऱ्या आठवड्यात खोलीला रंग दिला, तिला आवडतो तसा फिका पिवळा. चौथ्यात गादी बदलली.

ह्याच काळात ती प्रयोगशाळेतही येऊ लागली, कारण घरी एकटीला कंटाळा यायचा आणि आमच्याकडे हुंगायला येणाऱ्यांना चहा-बिस्किटं मिळतात. मॅडम म्हणाल्या, "येऊ दे. पण नातेवाईक आहेत, त्यांची उत्तरं आपण धरायची नाहीत. सरावासाठी फक्त."

आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "म्हणजे मी नाक लावायचं आणि ह्यांनी ते धरायचं नाही?"

"हो."

"बिस्किट तरी धरतात ना?"

जुन्या घराची फडकी मी आधीच आणली होती. तिचे स्वेटर आणायला गेलो तेव्हा टांगून आलो होतो, नंतर जाऊन एकेक वेगळ्या बरणीत बंद केली. दोन्ही वेळा कुलूप उघडल्यावर मी पायपुसण्यावर थांबलो. तो वास येत होता. बाबा नव्हते, आई नव्हती, आणि तो मात्र दारात आला होता. मग आत गेलो, कामाला लागलो, आणि नेहमीसारखा तो गेला.

पहिल्या दिवशी आईने दोन बरण्या हुंगून बाजूला सरकवल्या. "ह्यात काही नाही. ह्यातपण काही नाही. रिकाम्या बरण्या देता होय लोकांना?" तिसरीला मात्र तिने नाक मुरडलं. "हा दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना आहे."

पुढच्या वेळी तिसरी बरणी म्हणजे फर्निचरचं दुकान होतं. त्याच्या पुढच्या वेळी तिने झाकण झटकन लावलं. "अरे, इथे रंगकाम चाललंय. राहतात कसे हे लोक? सांग त्यांना, खिडकी उघडा म्हणावं."

आकडे गुप्त असले तरी रंगकाम कुणाकडे चाललंय हे ओळखायला पीएचडी लागत नाही. दर आठवड्याला माझं घर तिला जास्तच झोंबत होतं, आणि पलंगाखालची चेन रोज रात्री पूर्ण लागत होती. मी तिच्यासाठी आरामखुर्ची बघायला सुरुवात केली.

एके दुपारी मी आलेख काढत बसलो होतो आणि मागे वळलो तर मॅडम होत्या. मी दचकलो. त्यांनी संगणकाच्या पडद्याकडे बोट दाखवलं. घर बदललेल्या सगळ्यांच्या रेषा हळूहळू खाली येत होत्या, म्हणजे नव्या घराचा वास कमी कमी होत होता. एकच रेषा जिन्यासारखी वर चढत होती.

"ही कुणाची?"

"आईची. धरलेली नाही, बाजूला ठेवलीय."

"त्यांचं नाक बिघडलंय की तुझं घर?"

मी सांगितलं. स्प्रे, पडदे, कपाट, रंग, गादी. आरामखुर्चीचा फोटोही दाखवला. मॅडमनी खुर्ची ओढली आणि बसल्या. ह्यापूर्वी त्या माझ्या टेबलाशी कधी बसल्या नव्हत्या.

"तू काय शिकलास रे माझ्याकडे?" त्या म्हणाल्या. "ज्या घराला दर आठवड्याला नवा वास, त्याची सवय कुणाला होईल? ती बाई दर आठवड्याला घर बदलतेय. आणि तू बदलायला लावतोयस."

माझ्या भुवया काय करत होत्या देव जाणे.

"मीपण केलंय हे," मॅडम म्हणाल्या. "नवी होते तेव्हा. माझे उंदीर मला फार आवडायचे. म्हणून मी रोज त्यांचे पिंजरे घासूनपुसून लख्ख करायचे, नवा भुसा घालायचे. बाकीचे लोक आठवड्यातून एकदा करायचे, मला वाटायचं किती आळशी. माझे उंदीर मात्र सतत कोपरे हुंगत फिरायचे. खायचे नाहीत, झोपायचे नाहीत. वर्षभराचं काम फुकट गेलं. मला कळेना. मग माझ्या गुरूंनी विचारलं, बाई, तुझ्या घरी रोज कुणी येऊन सगळं सामान बदलून गेलं तर तू झोपशील का?"

"मग?"

"मग काय. पिंजरा साफ करायचा तर आठवड्यातून एकदा, आणि जुन्या पिंजऱ्यातला मूठभर भुसा नव्यात टाकायचा. घाण असली तरी. अजून तसंच करतात सगळीकडे." त्या उठल्या. "आईंनी जुन्या घरातून काय आणलंय?"

"एक बॅग. पण ती कायम बंद असते."

"राहू दे बंद. तू हात लावू नकोस."

"मग मी काय करू?"

"काही करू नकोस."

"काहीच नाही?"

"सोपं नाहीये ते," मॅडम म्हणाल्या. "तुला जमेलसं वाटत नाही."

आणि खरंच जमत नव्हतं. आरामखुर्चीच्या दुकानावरून जाताना मी पलीकडच्या फुटपाथवरून जायचो. स्प्रे शेजाऱ्यांना दिला, त्यांना वाटलं मी काही सुचवतोय, दोन दिवस बोलले नाहीत. घरात मी काही आणलं नाही, काही हलवलं नाही, आणि करायला काही नसल्यामुळे आम्ही दोघं नुसते राहू लागलो. सकाळी मी टोस्ट करपवायचो आणि आई म्हणायची, "ह्याला मेंदूतलं सगळं कळतं, पाव कळत नाही." करपलेलं ती सुरीने खरवडायची आणि तोच टोस्ट मला द्यायची. मी ओला टॉवेल खुर्चीवर टाकायचो, ती उचलायची, मी पुन्हा टाकायचो. झोपताना ती गुडघ्याला मलम चोळायची. खिडकी उघडी ठेवायची की बंद ह्यावर आमचं रोज भांडण व्हायचं. ते कुणीच जिंकत नसल्याने खिडकी अर्धी उघडी राहायची.

एका संध्याकाळी आलो तर तिची शाल हॉलमधल्या खुर्चीवर पडली होती. जुनी तपकिरी शाल, बॅगेतली. मी तिला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशीही ती तिथेच होती. तिच्या शेजारी माझा टॉवेल होता. आईने टॉवेल उचलला नव्हता.

मुदतीचा महिना संपत आला होता. घरमालकांचा पुन्हा फोन येऊन गेला, आठवण म्हणून, माफ करा हं. आई म्हणाली, "बघू म्हटलं ना." त्याच आठवड्यात तिची पुन्हा बरण्या हुंगायची पाळी होती. ती होईपर्यंत मी विचारणार नव्हतो, आणि ती झाल्यावर विचारायची हिंमत होईल की नाही तेही माहीत नव्हतं.

हुंगायची खोली लहान आणि पांढरी आहे. टेबल, दोन खुर्च्या, तीन बरण्या. आईने काठी टेबलाला टेकवून ठेवली आणि पहिल्या बरणीचं झाकण उघडलं.

"बरणीत काही आहे का?" मी विचारलं. नातेवाईक असली तरी प्रश्न ठरलेलाच.

तिने नाक जवळ नेलं. मग दूर केलं. मग पुन्हा जवळ नेलं आणि तशीच राहिली.

"आई?"

"थांब."

मी थांबलो. भिंतीवरच्या पंख्याने हवा बाहेर ओढल्याचा बारीक आवाज येत होता.

"ओल्या छत्रीचा वास आहे," ती म्हणाली. ती माझ्याशी बोलत होती की बरणीशी, कळलं नाही. "दाराच्या मागे ठेवतो तशी. आणि जुनी वर्तमानपत्रं. आणि दाढीचा साबण, तो गोल डबीतला..." ती थांबली. "ह्यांचा."



"हे आपलं घर आहे," आई म्हणाली.

"मला माहीत नाही. आकडा मॅडमकडे असतो."

"मला माहीत आहे ना. तुझ्या मॅडमना काय विचारायचंय त्यात." तिने पुन्हा बरणीत नाक घातलं. "एवढी वर्षं राहिले मी त्या घरात. मला कधी आला नाही रे हा."

"राहत होतीस म्हणून."

"आणि आता?"

ह्याचं उत्तर मला येत होतं. त्यावर मी लेख लिहिले आहेत.  तिने झाकण लावलं, घट्ट, दोन्ही हातांनी.

"तू पहिल्या सुट्टीत आलास तेव्हा दारात म्हणाला होतास," ती म्हणाली. "तो हाच?"

"हाच."

"म्हणजे तू नाव ठेवत नव्हतास."

"नाही. मला फार आवडला होता."

"मग मी फिनेल कशाला टाकलं?" आईने विचारलं, अगदी खरंच माहिती हवी असल्यासारखं. मग पदराने नाक पुसलं आणि म्हणाली, "आण इकडे पुढची. काम अर्धवट राहायला नको."

दुसरी बरणी तिने हुंगली. "रिकामी." तिसरी हुंगली, पुन्हा दुसरी हुंगली, पुन्हा तिसरी. "हीपण रिकामीच. दोन-दोन रिकाम्या देऊन काय फसवतोस? माझं उत्तर धरत नाही म्हणून काहीही ठेवायचं?"

"नीट घे."

"नीटच घेतेय. काही नाही ह्यात. तूच बघ."

प्रयोग घेणाऱ्याने बरणी हुंगायची नसते, पण हिचं उत्तर तसंही धरणार नव्हतो. मी एक हुंगली, दुसरी हुंगली. दोन्हींत काही नव्हतं. मग माझ्या लक्षात आलं, की ह्यातली एक कोरी आहे आणि एक माझं घर आहे, आणि आम्ही दोघंही तिथे राहतो. ह्या खोलीत ते ओळखू शकेल असं कुणीच नव्हतं.

मी मॅडमना बोलवायला उठलो, मागे वळलो आणि दचकलो. त्या दारातच उभ्या होत्या. किती वेळ, ते मी विचारलं नाही. त्यांनी खिशातल्या कागदाकडे न बघता दोन्ही बरण्या एकेकदा हुंगल्या आणि एक आमच्यापुढे ठेवली.

"ही तुमची."

आईने बरणीकडे पाहिलं. आत घडी घातलेलं पांढरं फडकं होतं. "कसं आहे हो?" तिने विचारलं.

"टोस्ट करपतो तुमचा," मॅडम म्हणाल्या. "टॉवेल नीट वाळत नाही. गुडघ्याला कुणीतरी काहीतरी चोळतं."

"ती मी. टोस्ट हा." आई जरा पुढे झुकली. "वाईट आहे का?"

"असं पाहुण्यांना विचारायचं नसतं," मॅडम म्हणाल्या, आणि आल्या तशाच, कुणाला न कळता, गेल्या.

लिफ्टने वर येऊन आई घरात आली, काठी कोपऱ्यात ठेवली, खुर्चीवरची शाल बाजूला केली आणि माझ्या ओल्या टॉवेलवर बसली. उठली नाही.

"फोन लाव घरमालकांना," ती म्हणाली. "आणि ती बॅग काढ पलंगाखालून. रिकामी करून दे मला. पुस्तकं आणायची आहेत, ह्यांची डबी आणायचीय."

"जिना आहे तिथे."

"एकदा चढेन. एकेक पायरी. मला त्या दारात उभं राहायचंय एकदा." मग म्हणाली, "घर देतेय म्हणून सांग. पण मी येऊन जाईपर्यंत खिडक्या उघडू नका म्हणावं. एकही."

मी फोन लावला आणि आवाज मोठा केला, म्हणजे तिलाही ऐकू येईल. घरमालकांनी आधी माफी मागितली, मग तब्येत विचारली. आई माझ्याकडेच राहणार असं मी सांगितलं. ते वाक्य अखेर मी बोललो, पण भलत्याच माणसाला. आई समोरच बसली होती, तिने हरकत घेतली नाही. मग मी खिडक्यांचं सांगितलं.



"का हो?" घरमालक काळजीने म्हणाले. "घराला वास येतोय का?"

मी आईकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत होती.

"सांग की," ती म्हणाली. "येतो म्हणून."

"येतो," मी म्हणालो.

"अरेरे! माफ करा हं, बंद होतं ना इतके दिवस. तुम्ही काही काळजी करू नका, मी आजच माणूस पाठवतो, चांगलं फिनेल टाकून..."

"नको!" आम्ही दोघं एकदम ओरडलो.